पहिला चाकू आणि घाटावरचा दगड

माझ्याकडे चाकू घ्यायला येणाऱ्याला आधी एक तमाशा पाहावा लागे. चाकू तयार झालेला असे, धार लागलेली असे, मूठ बसलेली असे. गिऱ्हाईक हात पुढे करून उभं राही आणि मी तो चाकू कमरेच्या उंचीवरून अंगणातल्या काळ्या दगडावर टाकून देई. खण्ण आवाज व्हायचा. मग मी तो उचलून पुसायचो आणि त्याच दगडावर ठेवायचो. ज्याचा त्याने घ्यावा.

यावर लोकांनी काय काय ऐकवलं म्हणून सांगू! तुमसरचा एक खाटीक म्हणाला, "माझा माल मी असा आपटला तर गिऱ्हाईक परत येईल का?" लग्नाचं जेवण करणारा एक आचारी दर वेळी कानांवर हात ठेवून उभा राही. मोहाडीच्या कचेरीतले एक साहेब तर भडकलेच. "मला न आपटलेला द्या," म्हणाले. मी म्हटलं, "न आपटलेला माझ्याकडे नाही साहेब." तरातरा निघून गेले. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांचा शिपाई आला आणि गुपचूप आपटलेलाच घेऊन गेला. पपई कापायला हवा होता म्हणे.

कोणी म्हणे ही जाहिरात आहे, कोणी म्हणे म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मीही हसून वेळ मारून नेत असे. आता भट्टी विझवली आहे, हात थरथरतो, हातोडा भलतीकडेच पडतो. तेव्हा त्या दगडाची गोष्ट सांगून टाकायला हरकत नाही.

मी जातीचा लोहार नाही. आम्ही ढिवर. नदी, तळं, डोंगा आणि जाळं, एवढंच आमच्या घराला ठाऊक. मोहाडी तालुक्यात वैनगंगेच्या काठी आमचं गाव. थोरला भाऊ मंगरू बापाबरोबर पाण्यात उतरला. मी सुकरू, धाकटा. मला पाण्याची भीती नव्हती, पण यंत्राची भूल पडली. सत्तरच्या दशकात तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मी फिटरच्या हाताखाली लागलो. पट्टे चढवायचे, बेअरिंगला ग्रीस भरायचं, धान अडकलं की शिव्या खायच्या.

त्याच सुमारास आमच्याकडे लायलनची, म्हणजे नायलॉनची, जाळी आली. त्याआधीची जाळी सुताची. घरी विणायची, रंगवायची, वाळवायची. ती कुजायची, फाटायची, बायका कंटाळून जायच्या. लायलन आलं आणि सगळे खूश झाले. कुजत नाही, वजन नाही, मासा सुटत नाही. माणूसही सुटत नाही, हे नंतर कळलं. सुताच्या जाळ्यात पाय अडकला तर दोन हिसके दिले की सूत तुटायचं. लायलनला हिसका दिला की ते आणखी आवळतं. आमचा बाप पहिल्याच हंगामात डोहात अडकलेलं जाळं सोडवायला बुडी मारून गेला, तो जाळ्यासकट वर काढावा लागला. पोटरीत दोरा असा रुतला होता की मला तो पाय अजून दिसतो. त्या धाग्याचा मला जो राग आला, तो आजतागायत गेलेला नाही.

बापानंतर दादा त्याच डोहात, तेच जाळं घेऊन उतरू लागला. दुसरं काय करणार? घर त्याच्यावर होतं. कमरेला विळा खोचायचा. पण विळ्याचं टोक वाकडं, पाण्यात ते जाळ्यातच अडकतं. जत्रेतले चाकू म्हणजे नुसता पत्रा. गावचे लोहारकाका विळे-कुऱ्हाडी उत्तम करत, पण त्यांचं लोखंड मऊ. लायलनवर दोनदा ओढलं की धार मेली. मी सुट्टीत घरी आलो की वहिनी मला वाढताना हळूच म्हणे, "भाऊजी, तुमच्या मिलमंदी इतलं लोखंड हाये म्हंता. यायले येक चांगला चाकू नाई का होत? हे पान्यात गेले का मी वर येतवरी दमच नाई घेत."

वहिनी तशी हसरी बाई, कोणाचीही टर उडवणारी. पण हे बोलताना ती कधी हसली नाही.

आमच्या मिलमध्ये जबलपूरकडचे एक जुने मिस्त्री होते. तोंडात कायम तंबाखू, बोलणं हिंदी. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी भंगारातून ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा एक तुकडा काढून माझ्यापुढे टाकला. मँगनीज वाहणारे ट्रक खड्ड्यांतून जाताना ज्याच्यावर उसळतात, तो पाटा. म्हणाले, "ये फौलाद है. गाँव का लोहा नहीं है, समझा? इसको लाल कर, पीट, शकल दे. फिर तेल में बुझा. लेकिन बुझाने के बाद ये काँच हो जाता है. गिरा तो टूटा, मरोड़ा तो टूटा. उसके बाद धीमी आँच पर सेंकना पड़ता है. सेंका नहीं, तो समझ चाकू बना ही नहीं."

बाहेरच्या वाचकासाठी हे जरा उलगडून सांगतो. तापलेलं पोलाद एकदम थंड केलं की कडक होतं. याला आमच्याकडे पाणी देणं म्हणतात, मग ते तेलात का बुडवेनात. कडक झालं की धार टिकते, पण अंगातली लवचीकता जाते. मग मंद आचेवर शेकून थोडा कडकपणा उतरवायचा. किती उतरवायचा ते रंगावरून कळतं. घासून पांढरं केलेलं पातं शेकताना हळूहळू पिवळसर होतं. धानाच्या वाळलेल्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, रंग आला की थांबायचं. गावच्या विळ्यांना एवढे सोपस्कार लागत नसत. मऊ लोखंडाला पाणी दिलं की विळा तयार, लगेच शेतात. त्यामुळे पाणी दिल्यावर आणखी काही बाकी असतं, हे आमच्या गावात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

हिवाळ्याचे दिवस होते. मिलची मोटार जळाली, ती नागपूरला गेली आणि मला सुट्टी मिळाली. पाट्याचा तुकडा आणि भंगारातला हाताने फिरवायचा पंखा घेऊन मी घरी आलो. अंगणात खड्डा खणला, त्याला माती आणि धानाच्या कोंड्याचा गिलावा दिला, खालून पंख्याचं नळकांडं बसवलं, बाभळीचा कोळसा भरला. मोडक्या शाफ्टचा तुकडा जमिनीत गाडला, ती ऐरण. झाली भट्टी! गावातले रिकामे लोक पाहायला जमले. "ढिवराचा लोहार झाला," म्हणून चेष्टा झाली. दादा मात्र एका बाजूला उकिडवा बसून गंभीरपणे पाहत होता.

"सुकरू, कापंन का बे हे लायलनले?"

"कापंन दादा. लोण्यासारखं कापंन."

मी ठोकून दिलं. आयुष्यात एक खिळासुद्धा ठोकून सरळ केला नव्हता.

पंखा वहिनीने फिरवला. अर्ध्या पाट्याचं मी वाटोळं केलं. लोहारकाकांची भट्टी अंधाऱ्या छपरीत असते, माझी उघड्या उन्हात. उन्हात लाल लोखंड लाल दिसतच नाही. अजून तापलं नाही, अजून तापलं नाही म्हणत मी वारा घालत राहिलो आणि पोलादातून फुलबाज्या उडायला लागल्या. ते जळलं. वहिनीने आपलं एक जुनं लुगडं आणि दोन गोणपाटं बांबूवर टाकून भट्टीवर सावली केली, तेव्हा मला रंग दिसायला लागला. उरलेल्या तुकड्याचं पातं ठोकलं. वाकडं झालं, सरळ केलं, परत वाकडं झालं. कानशीने घासून घासून बोटांची सालं गेली. पण शेवटी हातात आलं ते वीतभर लांबीचं पातं, सरळ पाठीचं, एका बाजूने उतरतं. माझ्या हातून झालंय यावर माझाच विश्वास बसेना.

दुसऱ्या सकाळी पाणी द्यायचं होतं. तेल होतं ते मोहाच्या बियांचं, आमच्याकडे टोळीचं तेल म्हणतात ते. पातं मी भट्टीत लाल केलं, सांडशीत धरलं आणि डब्याकडे वळलो, तर वहिनी ओरडली, "थांबा भाऊजी! तेल तं थिजून हाये ना!"

थंडीत ते तेल तुपासारखं गोठतं. मी तसंच बुडवलं असतं तर अर्धं पातं कडक, अर्धं मऊ. वहिनीनेच डबा चुलीपाशी नेऊन तेल पातळ केलं. मी परत पातं तापवलं आणि बुडवलं. भस्सकन जाळ उठला, धूर झाला, सगळ्या अंगणात त्या तेलाचा उग्र वास पसरला. थंड झाल्यावर पात्यावर कानस ओढून पाहिली. ती काचेवरून सरकावी तशी सरकली.

"झाला!" वहिनी टाळी वाजवून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मी पण खुळ्यासारखा हसत होतो. पातं सहाणेवर घासून पांढरं केलं, धार काढली, छपरीच्या वाशाला दोरीने टांगलं. आता शेकायचं होतं. त्यासाठी जाड लोखंडी पत्रा हवा होता, आमच्या घरचा तवा मातीचा. लोहारकाकांकडे पत्रा मिळेल म्हणून मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

काकांना उत्सुकता. पाटा कसला, तेल कोणतं, जाळ किती उठला. स्वतः त्यांनी एकदा पाट्याची कुऱ्हाड करून पाहिली होती, ती पहिल्याच घावात दुभंगली, तेव्हापासून त्या लोखंडाला त्यांनी हात लावला नव्हता. मी शेकण्याचं सांगितलं. मग ते पत्रा शोधायला उठले. शोधायला वेळ लागला. मला घाई नव्हती.

परत आलो तर वाशाला नुसती दोरी लोंबत होती.

"वहिनी, चाकू?"

"हे घेऊन गेले ना." वहिनी सूप हातात घेऊन बसली होती, चेहरा कसा खुललेला. "डोहात जाळं अडकलं म्हने. मीच काढून देल्ला. मूठ नोयती म्हून लुगड्याचा काठ फाडून गुंडाळून देल्ला. आता मले फिकर नाई."

माझ्या हातातला पत्रा खाली पडला. मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. वहिनी पुढे अनेकदा सांगायची की मी म्हणालो, "तो काच हाये वहिनी." आणि पळत सुटलो.

घरापासून नदी लांब नाही. पण त्या दिवशी वाट संपता संपेना. धानाच्या कापून झालेल्या बांध्यांतून तळव्यांना खुंट टोचत होते. डोक्यात एकच. दादा बुडी मारणार, पाय अडकला तर निर्धास्तपणे चाकू काढणार, दोऱ्याखाली घालून पिळणार. विळ्याची तीच सवय असते, आत घालायचा आणि उपटायचा. आणि पहिल्याच पिळ्याला पातं कडकन मोडणार. चाकू नसता तर तो जपून उतरला असता. चाकू होता म्हणूनच तो बिनधास्त जाणार होता.

काठावर आलो. डोंगा डोहाच्या मध्यावर होता, त्यात कोणी नव्हतं.

हाक मारली. पाण्यावर काही नाही. मग डोंग्याच्या पलीकडे बुडबुडे आले. मी उडी टाकली. थंडीने छाती आवळली. डोहात एक अर्जुनाचं झाड कधीचं बुडालेलं आहे, जाळं त्यालाच अडकतं हे आम्हा सगळ्यांना माहीत. त्याच्या रोखाने खाली गेलो. हिरवट अंधार. आधी जाळं हाताला लागलं, मग दादाचा खांदा.

त्याचा डावा पाय घोट्यापासून जाळ्यात गेला होता. वाकून तो दोऱ्याखाली चाकू खुपसत होता आणि, मला भीती होती तेच, मनगट पिळायच्या बेतात होता. मी त्याचं मनगट धरलं. त्याला वाटलं जाळंच आणखी लपेटलं. त्याने लाथ मारली. मी दुसऱ्या हाताने त्याच्या मुठीतून चाकू ओढायला लागलो. बुडणाऱ्या सख्ख्या भावाच्या हातातून मी चाकू हिसकत होतो. तो मला देईना. त्याचे डोळे माझ्या तोंडासमोर होते. त्याने मला ओळखलं होतं आणि तरी त्याला कळत नव्हतं की मी हे का करतोय. ते डोळे मी कोणाला सांगू शकत नाही.

पातं माझ्या तळहातात घुसलं तेव्हा त्याची पकड सुटली. मी दोरा डाव्या हाताने ताणला आणि चाकू न वाकवता, न पिळता, नुसता ओढला. सारंगीवाला गज ओढतो तसा. एक धागा गेला. दुसरा. तिसऱ्याला माझ्याच कानात घंटा वाजायला लागल्या. पिळून एका झटक्यात संपवावं असं हातांना वाटत होतं, पण मी त्यांना पिळू दिलं नाही. मी ओढत राहिलो. मग दादाचा पाय एकदम सुटला आणि आम्ही दोघे वर आलो.

डोंग्याला धरून कसेबसे घाटावर पोचलो. दादा पालथा पडून पाणी ओकत होता. श्वास आल्यावर तो उठून बसला आणि त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या कानाखाली वाजवली.

"काहून हिसकला बे चाकू? मी कापूनच तं रायलो होतो! मारून टाकत होतास मले!"

तेवढ्यात वहिनी धावत घाटावर आली. पदर कुठे, केस कुठे. ती थबकून आम्हाला पाहत राहिली. दादा परत ओरडला, "बोल ना बे! मुका झाला का?"

 दात वाजत होते. सांगायला म्हणून मी मूठ उघडली आणि रक्ताने बुळबुळीत झालेला चाकू हातातून निसटून घाटावरच्या दगडावर पडला. ज्या काळ्या दगडावर बायका कपडे आपटतात, त्याच्यावर.

बांगडी फुटावी तसा बारीक आवाज झाला आणि पात्याचे दोन तुकडे झाले.

 दादाने एक तुकडा उचलला, तुटलेली कड बोटाने पाहिली, मग घोट्यावरचे वळ पाहिले. पाण्याखाली न घाबरलेला माझा भाऊ घाटावर बसून लहान पोरासारखा रडला. मी त्याला मिठी मारली. वहिनी जागची हलली नाही. ती त्या दगडाकडे बघत होती.

रात्री ती जेवली नाही. मी समजावलं, "वहिनी, गावात कोनालेच माईत नोयतं. लोहारकाकालेसुद्धा नाई." 

सकाळी मी उठलो तर अंगणात वहिनी धापा टाकत उभी. तो काळा दगड तिने घाटावरून डोक्यावर वाहून आणला होता. कसा उचलला, कोणी डोक्यावर चढवून दिला, तिने कधी सांगितलं नाही. भट्टीशेजारी तो टाकून ती म्हणाली, "भाऊजी, दुसरा बनवा. बनवून झाला का याच्यावर टाका. मले आवाज ऐकाचा हाये."

मिस्त्रींकडून परत पाटा आणला. दुसरं पातं ठोकलं, पाणी दिलं, पत्र्यावर शेकायला ठेवलं. वहिनी पत्र्यासमोरून उठली नाही. रंग चढताना तिनेच बोट दाखवलं, "तनसासारखा झाला, काढा." मी मूठ बसवली आणि दगडावर चाकू टाकला. खण्ण वाजून तो उसळला आणि पडला. अख्खा. वहिनीने तो उचलून दादाच्या कमरेला स्वतः बांधला.

मग शेजारच्या गावांतले ढिवर आले. त्यांच्यामागून खाटीक, आचारी, साहेब. मिल सुटली आणि चाकूच माझा धंदा झाला. मनात खंत एवढीच की हे लोखंड थोडं आधी हाती आलं असतं तर बाप वाचला असता. प्रत्येक चाकू देताना वहिनी घरात कुठेही असली तरी विचारायची, "शेकला का भाऊजी?" त्यावर मी चाकू दगडावर टाकून आवाज ऐकवायचो. मग आतून तिचं उत्तर येई आणि तेव्हाच तो चाकू गिऱ्हाइकाला मिळे.

दादा गेला तो खाटेवर. म्हातारा होऊन, तापाने, कोरड्या अंगाने. आमच्या घरात असं मरण त्याच्याआधी बापाला मिळालं नव्हतं. दादाच्या कमरेचा तो चाकू घासून घासून बोटाएवढा उरला होता. वहिनीने तो त्याच्याबरोबर जाऊ दिला नाही. तिच्या उशाखाली असतो.

मागल्या पावसाळ्यात मी शेवटचा चाकू केला. नदीकाठचा एक तरुण ढिवर मागे लागला म्हणून. वहिनीला आता दिसत नाही. ती छपरीत भिंतीला टेकून बसली होती. पोराने घाईने हात पुढे केला. मी चाकू दगडावर टाकला. तो वाजला, उसळला आणि पडला.

वहिनीने कान लावून आवाज विरेपर्यंत ऐकला.

"द्या आता, भाऊजी," ती म्हणाली.